रिअ‍ॅक्ट, अँग्युलर की व्ह्यू? फी भरण्याआधी हे वाच

प्रश्न : मी सोलापुरात बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एचटीएमएल, सीएसएस येतं. जावास्क्रिप्ट कॉलेजात एका सेमिस्टरपुरतं झालं. मला फ्रंट-एंडमध्ये, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बनवण्यात, जॉब करायचा आहे. हिंजवडीतला आत्तेभाऊ म्हणतो अँग्युलरच शिक, मैत्रिणी रिअ‍ॅक्ट म्हणतात, यूट्यूबवर कुणी व्ह्यू तर कुणी स्वेल्ट सांगतं. इथल्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांत सगळं शिकवतात, फी ३८ हजार. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहेत. लॅपटॉप जुना, ४ जीबीचा आहे. पुण्याला पाठवायला घरचे अजून राजी नाहीत. मी नेमकं काय शिकू?
– एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : एका शब्दात उत्तर हवं असेल तर रिअ‍ॅक्ट. पण आज नाही, दोन-तीन महिन्यांनी. आणि पप्पांना सांग, पतपेढीचा अर्ज तूर्त राहू दे.

तुझ्या पत्रात चार फ्रेमवर्कची, म्हणजे वेबपानं बांधायच्या तयार सांगाड्यांची, नावं आहेत, पण मी अडलो ते ‘जावास्क्रिप्ट एका सेमिस्टरपुरतं झालं’ या वाक्यापाशी. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. समज, तू ऑर्डरींचं एक पान बनवते आहेस : साइज, रंग, नग, दर. ‘जोडा’ बटण दाबलं की खाली नवी ओळ यायला हवी आणि एकूण रक्कम बदलायला हवी. रिअ‍ॅक्टमध्ये नवशिके काय करतात, तर ऑर्डरींच्या अ‍ॅरेमध्ये (यादीत) पुश करून नवी ऑर्डर टाकतात आणि तोच अ‍ॅरे स्टेट (पानाची त्या क्षणाची माहिती) बदलणाऱ्या फंक्शनला परत देतात. स्क्रीन ढिम्म हलत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये बघावं तर ऑर्डर आत गेलेली, पानावर मात्र पत्ता नाही. मग रिफ्रेश मार, लॅपटॉपला शिव्या घाल, मैत्रिणीचा कोड उतरवून घे, असं सगळं सुरू होतं.

घडतं इतकंच, की रिअ‍ॅक्ट अ‍ॅरेच्या आत डोकावत नाही. आधीचा अ‍ॅरे आणि आत्ता दिलेला अ‍ॅरे एकच आहे का, एवढंच पाहतं. एकच असेल तर काही बदललं नाही असं धरून गप्प बसतं. जुन्या ऑर्डरी आणि नवी ऑर्डर मिळून वेगळा अ‍ॅरे बनवून दिलास की ओळ लगेच उमटते. हेच पान व्ह्यूमध्ये केलंस तर पुश चालून जातं, कारण व्ह्यू ३ त्या अ‍ॅरेला प्रॉक्सीत (बदल टिपणाऱ्या आवरणात) गुंडाळून आतल्या बदलांवर नजर ठेवतं. म्हणजे दोन फ्रेमवर्कमधला हा फरक समजायला मुळात अ‍ॅरे आणि ऑब्जेक्ट रेफरन्सने (प्रत न काढता मूळ वस्तूकडे बोट दाखवून) कसे चालतात ते ठाऊक हवं, आणि तो भाग शुद्ध जावास्क्रिप्टचा आहे. तो पक्का असेल तर हा घोळ पाच मिनिटांत सुटतो. नसेल तर तिन्ही फ्रेमवर्कची सर्टिफिकेटं असूनही मुलाखतीत घाम फुटतो.

तेव्हा आधी हेच ऑर्डरचं पान कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय कर. मॅप, फिल्टर, रिड्यूस, क्लोजर, प्रॉमिस, असिंक-अवेट, फेच, इव्हेंट हे सगळं त्यात आपोआप येईल. पान बंद करून उघडलं तरी ऑर्डरी राहायला हव्यात म्हणून लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवणही येईल. मग तेच पान रिअ‍ॅक्टमध्ये नव्याने बांध. फ्रेमवर्क कशासाठी असतं ते तेव्हा कळेल, आणि मुलाखतीत सांगायला तुझं स्वतःचं काहीतरी असेल. शेवटी त्यालाच टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार तपासणारं जावास्क्रिप्ट) लाव.

रिअ‍ॅक्टच का? फेसबुकने ते २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हापासून त्याचा पसारा इतका वाढलाय की नवशिक्याला अडचणीवर उत्तर सापडतं, आणि कामाच्या जागाही सापडतात. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन उघड, ठिकाण पुणे, अनुभव शून्य ते एक वर्ष टाक, तिन्ही नावं शोध आणि जाहिराती स्वतः मोज. आत्तेभाऊ चुकीचं सांगत नाही. गूगलचं अँग्युलर आजच्या रूपात २०१६ मध्ये आलं. राउटिंग (पानांमधली ये-जा), फॉर्म, सर्व्हरशी बोलणं असं सगळं त्यात एका ठिकाणी येतं, टाइपस्क्रिप्ट तर पहिल्या दिवसापासून. बँका, विमा कंपन्यांच्या मोठ्या कामांना अशी शिस्त सोयीची पडते. तो त्याच्या टीममध्ये जे दिसतं ते सांगतोय. नवशिक्याला मात्र सुरुवातीलाच खूप काही एकदम गिळावं लागतं. व्ह्यू वाचायला सगळ्यात सोपं, मला स्वतःला आवडतं, पण पहिल्या नोकरीसाठी मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. स्वेल्ट सध्या विसर.

कॉलेजात कॅम्पसला मोठ्या आयटी कंपन्या येणार असतील तर हा सगळा खल थोडा गैरलागू आहे. तिथे अ‍ॅप्टिट्यूड आणि साधं कोडिंग बघतात. पुढे प्रोजेक्टला लागेल ते स्वतःच शिकवतात.

आता क्लास. सहा महिन्यांत तीन फ्रेमवर्क ही मला शिकवणी वाटत नाही, माहितीपत्रक भरायची युक्ती वाटते. तरी जायचंच असेल तर आधी छापील अभ्यासक्रम माग आणि तीन गोष्टी बघ. ‘अँग्युलरजेएस’ लिहिलं असेल तर ते जुनं, वेगळं फ्रेमवर्क आहे. त्याचा अधिकृत सपोर्ट २०२१ अखेर संपला. ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ने, म्हणजे नवा प्रकल्प उभा करायच्या जुन्या साधनाने, सुरुवात असेल तर ते रिअ‍ॅक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडीत काढलं. आता त्याऐवजी बहुतेकजण व्हीट (Vite) वापरतात. आणि हुक्स (साध्या फंक्शनमध्ये स्टेट वगैरे वापरायची सोय) शेवटच्या आठवड्यात ढकलले असतील तर उठून ये. हुक्स २०१९ पासून आहेत आणि आज रिअ‍ॅक्ट त्यांच्यावरच लिहिलं जातं. रिअ‍ॅक्टची अधिकृत साइट आणि जावास्क्रिप्टसाठी मोझिलाची एमडीएन साइट, दोन्ही फुकट आहेत आणि कुठल्याही नोट्सपेक्षा उत्तम. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल. रोज थोडं वाच, पण भाषांतराचं बटण दाबू नकोस, कारण मुलाखतीत हेच शब्द कानावर पडणार आहेत.

खर्च करायचाच तर लॅपटॉपवर कर. ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून घे. ३८ हजारांपुढे तो खर्च किरकोळ आहे. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, म्हणून दुकानदाराला आधी उघडून बघायला लाव.

सोलापुरात बसून पहिलीच नोकरी घरून मिळणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो. नव्या माणसाला कंपन्या शेजारी बसवून घेणं पसंत करतात. छोटी कामं मात्र इथेच आहेत. टॉवेल-चादरीच्या व्यवसायात अजून कितीतरी जण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवूनच माल दाखवतात. अशा एखाद्याला साधी, मोबाइलवर नीट उघडणारी कॅटलॉग साइट करून दे. त्याला रिअ‍ॅक्टही लागणार नाही. पैसे घे, थोडे का होईना. फुकट करून दिलेल्या कामात बदल कधी संपत नाहीत. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या साइटवर ठेव.

पुण्याचं म्हणशील तर घरी आत्ताच वाद घालायची गरज नाही. मुलाखतीला सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. पप्पांनाही एखाद्या वेळी सोबत ने. राहण्याचा विषय ऑफर लेटर हातात आलं की काढ, आणि तेव्हा आत्तेभावाला फोनवर घे. अँग्युलरबद्दल नको, हिंजवडीतल्या मुलींच्या पीजीच्या भाड्याबद्दल विचार.