घुबड नको, फळीवरची भांडी काढा

प्रश्न : धरमपेठेतल्या एका नव्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीसाठी 12 फुटी चित्राचं काम मिळालंय. विषय ‘जमीन, संस्कृती आणि विकास’. मालकांना ते ‘इन्युइट स्टाइल’मध्ये हवंय. मोबाइलवर एक मोठं पिसारेवालं घुबड दाखवतात आणि असंच काढ म्हणतात. अ‍ॅडव्हान्स घेतलाय, पण हात चालत नाही.
– एक चित्रकार, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, हात अडला हे चांगलंच झालं. इन्युइट म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी. ते घुबड बहुतेक त्यांच्यातल्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं, 1960 सालचं. 1970मध्ये ते कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं. ते त्या बाईंचं आहे, तुमच्या सहीखाली जाऊ देऊ नका.

शिकायचं ते दुसरंच आहे. त्यांचं गाव किंगाइट. तिथे राहिलेले कॅनडाचे चित्रकार जेम्स ह्यूस्टन जपानला जाऊन ठसाछपाई शिकून आले आणि 1959मध्ये गावच्या छापचित्रांचा पहिला संच बाहेर पडला. सपाट दगड कोरायचा, शाई लावायची, वर पातळ कागद ठेवून हातानं घासायचं. मी तीस वर्षं लिनो, म्हणजे छापचित्रासाठीचा मऊ पत्रा, कोरतेय. आपल्या उन्हात पाच मिनिटं ठेवला की तो लोण्यासारखा कापला जातो. दगडात एकेक पीस कोरताना काय होत असेल, ते माझ्या मनगटाला कळतं. तंत्र जपानहून आलं, पण म्हणून किंगाइटच्या चित्रकारांनी फुजी पर्वत नाही काढला. आपले पक्षी, आपले सील, आपली माणसं काढली.

त्याच गावच्या अ‍ॅनी पूटूगुक यांनी रंगीत पेन्सिलींनी टीव्हीसमोर बसलेलं घर काढलं. 2006चा सोबी पुरस्कार, कॅनडातला कलेचा मोठा पुरस्कार, त्यांना मिळाला. विकास घरात शिरतो तेव्हा कसा दिसतो, हे त्यांनी जमिनीवर मांडी घालून बघितल्यासारखं काढलंय.

माझं माहेर उमरेडचं. दुपारी कोळसा खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची स्टीलची भांडी किणकिणायची आणि आई पोळी लाटता लाटता एक हात वर करून डबा धरायची. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं की काळं व्हायचं. त्याच खाणीच्या पगारावर आमच्या गल्लीतली पोरं शिकली. हे दोन्ही एका भिंतीवर यायला हवं. तुमच्या घरातही असं काही असेल, ते आठवा.

इनुक्शुक, म्हणजे वाट दाखवणारी दगडांची रास, लिफ्टशेजारी शोभेला काढू नका. ती नुनावुतच्या, म्हणजे किंगाइट ज्यात येतं त्या कॅनडातल्या इन्युइट प्रदेशाच्या, झेंड्यावर आहे. सपाट रंग, ठळक कडा, भरपूर मोकळी जागा एवढं घ्या आणि खाली ‘किंगाइटच्या छापचित्रांवरून प्रेरित’ असं स्पष्ट लिहा. मालकांशी वाद घालू नका. दोन फुटी कच्चं चित्र रंगवून समोर ठेवा. नाही पटलं तर अ‍ॅडव्हान्स परत द्या, पण त्याआधी ते चित्र मला दाखवायला घेऊन या.