पडद्यांच्या बाजारावरून विषय जोखू नका

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निरनिराळ्या आकारांच्या रेणूंच्या मिश्रणांतील द्रवस्फटिक प्रावस्थांवर संशोधन करायचे, असे ती म्हणते. टीव्हीचे पडदे ओएलईडीचे होत असताना या विषयात काही उरले आहे का, की तिने बी.एड. करावे? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकाप्रमाणे रेणूंची शिस्त काही अंशी राखणारा पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक; त्यातील रेणूंची प्रत्येक वेगळी मांडणी ही एक प्रावस्था. एलसीडी पडदे यावरच चालतात. १८८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ (म्हणजेच द्रवस्फटिक) आणि १७८.५ अंशांना नितळ होताना दिसले, तेव्हा पडदे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. म्हणून बाजार बाजूला ठेवून मूळ प्रश्न पाहावा. दांड्यासारखे रेणू एका दिशेत ओळीने राहतात, हे आधीच ठाऊक होते; चकतीसारखे रेणू मात्र एकमेकांवर रचले जाऊन स्तंभ उभे करतात, हे १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दोन्ही एकत्र केल्यास परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशा धरणारी द्विअक्षीय प्रावस्था मिळावी, असे सिद्धान्त सुचवतो. प्रत्यक्षात मात्र मिश्रण बहुधा फुटते आणि दांड्यांचा भरणा असलेला भाग एकीकडे, चकत्यांचा दुसरीकडे होतो. आपल्या मुलीचे कुतूहल नेमके येथे आहे, आणि ते मला अस्थानी वाटत नाही.

हे काम रोज कसे चालते, तेही जाणून घ्यावे. काचपट्टीवर दोन पदार्थ शेजारी ठेवून तापवले की ते सीमेवर एकमेकांत मिसळतात, आणि काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमधून) पाहिल्यास त्या चिंचोळ्या पट्ट्यात सर्व प्रमाणांतील मिश्रणे एकाच वेळी दिसतात : कोठे निमॅटिकचे (रेणू फक्त एका दिशेत ओळीने असलेल्या प्रावस्थेचे) धागे, कोठे स्मेक्टिकचे (रेणू थरांतही रचलेल्या प्रावस्थेचे) पंखे. मग तापमान अंशाअंशाने उतरवत प्रत्येक बदल टिपायचा. यात दुपारच्या दुपार जातात. ज्याला हे कंटाळवाणे वाटेल त्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

रेणू घडवणे हे रसायनशास्त्राचे काम आहे. तिचा विषय पाहता क्ष-किरणांनी रचना मोजणे किंवा संगणकावर रेणूंचे प्रारूप चालवणे तिला अधिक सोपे जाईल. त्यासाठी जॅम ही आयआयटी आदी संस्थांतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. आणि त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा सरळ मार्ग आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे त्या वर्षांचा भार आपल्यावर पडणार नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, म्हणून तो निर्णय आज घेण्याची घाई नाही.

तूर्त तिला आपल्या प्राध्यापकांमार्फत बंगळूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करू द्यावा. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, तेव्हा प्रवासाची अडचण नाही.