जीप पाण्यापासून दोनशे पावलं मागेच लावा

तुमचा प्रश्न पुन्हा वाचला. मामांची 1994 ची महिंद्राची जीप, एमएम 540, तुमच्याकडे आली आहे, फोर बाय फोर लागतो, इंजिन सुरेल आहे. एप्रिलपासून मित्रांबरोबर भोर, वेल्हे, मुळशीकडे गळ टाकायला आणि मुक्कामाला जायचा बेत आहे. त्यासाठी मड टायर (चिखलासाठीचे जाड नक्षीचे), चार इंच लिफ्ट (गाडी उंच करणं) आणि विंच (रुतलेली गाडी ओढायची तारेची चरखी) यांतलं आधी काय घ्यावं, असं विचारलं आहे. माझं उत्तर: या तिन्हींतलं आत्ता काहीच घेऊ नका. मी वीसेक वर्षं जुनी जीप घेऊन याच भागात फिरतो आहे. त्यात जे शिकलो ते सविस्तर लिहितो.

पहिलं काम ब्रेकचं. चढावर जुनी गाडी फार तर थांबते, उतारावर ती थांबत नाही, ही भीती मनात असू द्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. तसं ऑइल घाटात तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या जीपमधलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी पूर्ण काढून नवीन भरा, हवा नीट काढून घ्या, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. चाकांचे सिलिंडर गळत असतील तर त्यांची किट्स नाना पेठेत मिळतात. जुना भाग सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगू नका. या गाड्यांमध्ये मधल्या काळात कोणी काय बसवलं असेल त्याचा नेम नसतो.

मग एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी लवकर सिंहगडावर जा. पुणं साधारण 560 मीटरवर आणि गड 1312 मीटरवर, म्हणजे साडेसातशे मीटरची चढण घराजवळच मिळते. चढताना तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. काटा एका जागी स्थिर राहिला तर ठीक. वळणावळणाला वर सरकत असेल तर बहुधा रेडिएटर आतून चोंदला आहे, मग भटकंती पुढे ढकला. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपास राहा, क्लच दाबून गाडी सोडून देऊ नका, ब्रेक अधूनमधून आणि ठाम द्या. खाली गोळेवाडीला पोचलात की बाजूला थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. पुढच्या दोघांची एकमेकांशी आणि मागच्या दोघांची एकमेकांशी ऊब सारखी यायला हवी. एक चाक भट्टीसारखं लागलं तर तिथला ब्रेक घासतो आहे. एक गार लागलं तर तिथला ब्रेक लागतच नाही. गाडी एका बाजूला का ओढते याचा उलगडा बहुतेकदा इथेच होतो. ही परीक्षा फुकट आहे, आणि मी आजही दर मोसमाच्या सुरुवातीला देतो.

ब्रेकनंतर स्टिअरिंगचा खेळ, किंगपिन, पाट्यांचे यू-बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, एवढं चांगल्या मिस्त्रीकडून बघून घ्या. यू-बोल्ट पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा आवळायचे असतात, ते हमखास राहून जातं. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलवर (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) हवा खेळायला एक छोटा ब्रीदर असतो, जुन्या गाड्यांत तो मातीने बुजलेला सापडतो. तापलेलं डिफरन्शिअल ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि गिअर ऑइलचा दुधाळ चहा होतो. त्यामुळे ओढा ओलांडून आल्यावर आठवड्याभरात ड्रेन बोल्ट थोडा सैल करून पहिले चार थेंब बोटावर घेऊन पाहा. ड्रम ब्रेक असतील तर पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून शंभरेक पावलं चालवा, नाहीतर पहिल्याच उतारावर ते लागणार नाहीत.

कागदांचंही बघा. 15 वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी लागतं, हरित कर भरावा लागतो. लोखंडी बुलबार असेल तर काढून टाका. त्यांवर 2017 च्या डिसेंबरपासून बंदी आहे आणि टक्कर झाली की समोरच्या माणसाला त्याचाच मार जास्त बसतो.

टायरबद्दल थोडक्यात. पुणे ते भोर पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, शेवटचे दोन-तीन किलोमीटर माती. त्यासाठी मड टायरची घरघर आणि ओल्या डांबरावरची घसरण कशाला? साधे ऑल टेरेन घ्या. टायरच्या अंगावर चार आकडी संख्या असते. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी डोंगरात नेऊ नका. स्टेपनीचाही आकडा वाचा. लिफ्टने गाडीचा तोल वर जातो, शाफ्टचे कोन बिघडतात आणि आरटीओचा प्रश्न उभा राहतो. तिचा नाद सोडा.

आता गाळ. तुम्ही सगळं धरणांच्या काठाला करणार आहात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

भाटघर असो, पानशेत असो की मुळशी, जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं आणि काठाला रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो पक्का दिसतो. ऊन खाऊन फुटलेला, भेगा पडलेला, पायाखाली खणखणीत. पण ती दोन-चार बोटं जाडीची पापडी असते, खाली ओला लोण्यासारखा गाळ. माणूस त्यावरून आरामात चालत जातो. सव्वा टनाची जीप, चार माणसं आणि सामान मात्र त्याला पेलत नाही. भेगांकडे नीट बघायची सवय लावा: भेग खोल असेल, तिच्या कडा वळून वर आल्या असतील आणि आत काठी घातली की कोरडी बाहेर येत असेल तर जमीन बऱ्यापैकी सुकली आहे. भेग अरुंद आणि तळाशी काळी, ओलसर दिसली तर तिथून मागे फिरा. मी टाच जोरात आपटून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब आला तर गाडी पुढे नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाटघरचं पाणी खूप उतरलं होतं, वेळवंडीच्या खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर आलं होतं, आणि आम्हाला अंधार पडायच्या आत अगदी पाण्याशी तंबू लावायचा होता. फोर बाय फोर आहे म्हणून मी सरळ खाली उतरलो. साठ-सत्तर फूट गाडी छान गेली, मग पुढचं डावं चाक पापडी फोडून आत गेलं. त्या क्षणी थांबायला हवं होतं. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि दहा सेकंदांत चारही चाकं रुतून ॲक्सल गाळावर टेकला. रात्रभर खणत बसलो. सकाळी वरच्या वाडीतून एक आजी आल्या. मी ट्रॅक्टर मिळेल का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गाडी निघंल रं तुझी. माझं भुईमुगाचं येल चिरडलंस, त्याचं काय ते आधी बोल."

मी मागे वळून पाहिलं. आम्ही संध्याकाळी ज्या हिरव्या पट्ट्यावरून उतरलो ते रान नव्हतं, त्यांची गाळपेर होती, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात केलेली पेरणी. दोन चाकोऱ्या पार आरपार गेल्या होत्या. या जमिनी सरकारच्या, पण पाणी उतरल्यावर त्या कसायला बहुधा धरणग्रस्त कुटुंबांकडेच असतात. स्वतःचं शेत ज्या धरणात गेलं त्याच्याच काठावर वर्षातून चार महिने मिळणारं हे पीक. आजींना नुकसान भरून दिलं, ट्रॅक्टरवाल्याने साखळीने गाडी ओढून काढली, पण त्या वेलांचं दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: जीप पक्क्या मुरमावर, पाण्यापासून दोनशे पावलं मागे. सामान खांद्यावर. आत जाताना टू व्हील ड्राइव्ह, आणि टू व्हीलमध्ये चाक फिरलं की फोर लावून फक्त मागे यायचं, पुढे नाही.

तरी रुतलीच तर: चाक घसरताच पाय काढा. पुढच्या चाकांचे हब (चाकं ॲक्सलला जोडणारे) हाताने लॉक करायचे असतील तर ते केलेत का ते आधी बघा, निम्म्या वेळा तिथेच गडबड असते. टायरची हवा सोळा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांमागचा गाळ फावड्याने उतरता काढा, फोर बाय फोरच्या लो रेंजमध्ये घेऊन आपल्याच चाकोऱ्यांतून सावकाश मागे या. हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवा, कारण एवढ्या कमी हवेवर डांबरावर पळवलंत तर टायर तापून फाटेल. आणि डांबर लागलं की फोर बाय फोर काढा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नसतं, वळणावर सगळा ताण गिअरमध्ये साठतो आणि काहीतरी तुटतं.

विंच आत्ता नको म्हटलं ते यासाठी की तिला बांधायला झाड लागतं, आणि बुडीत क्षेत्रात झाड कुठून येणार? त्यापेक्षा फावडं, जाड बाभळीची दोन फूट फळी जॅकखाली घालायला, चांगला पट्टा आणि दोन शॅकल घ्या. पट्टा चासीला पक्क्या बोल्टने बसवलेल्या हुकालाच लावा, बंपरला कधीच नाही. ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये. सगळ्यात मोलाचं म्हणजे सोबत दुसरी गाडी.

गळाबद्दल. जाल त्या धरणात मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना गाठा, परवानगीचं आणि पावतीचं विचारा. ते लोक आनंदाने जागाही दाखवतात. त्यांच्या जाळ्यांच्या बोयांजवळ गळ टाकू नका. चिलापी, कटला, रोहू भरपूर मिळतात, कणकेचा गोळा आणि गांडूळ पुरतं, नुसत्या तंगूसवरही (नायलॉनची दोरी, काठीशिवाय) मजा येते. पावसाच्या तोंडाशी उथळ पाण्यात तांबूस पिल्लांचा थवा वर-खाली होताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. ती धरलीत तर थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो, तिथून पुढे सरका.

आणि खडशी, म्हणजे आपला महाशीर, लागला तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडून द्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून ठेवा. साइक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने 1839 साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून, शास्त्रीय नावातला 'खुद्री' तेव्हापासूनचा. आज पुण्यात पुलावरून नदीकडे बघा म्हणजे मी का कळकळीने लिहितो ते कळेल. टाटांनी लोणावळ्याला वळवणला 1970 च्या दशकापासून या माशाची पैदास केली नसती तर आपल्या धरणांत तो किती उरला असता कोण जाणे. महाडजवळ वाळणकोंडीला लोक त्याला देवीचा मासा मानून खाऊ घालतात, धरत नाहीत. एकदा मुलांना घेऊन तिथे जा.

मुक्काम वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय करू नका. ताम्हिणीचा बराच भाग अभयारण्य आहे, तिथे गळ, शेकोटी, रानात गाडी घालणं काहीच चालत नाही. गावात कोणाच्या तरी मुरमाड पडीक रानात विचारून राहा, पैसे द्या, जेवण त्यांच्याकडेच सांगा. तंबूला चेन आणि तळ हवाच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. पेटती शेगडी तंबूत किंवा जीपच्या हुडात कधीही घेऊ नका. वर कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर खाली धूर नको. पाण्यात उतरायचं नाही, हे मित्रांना निघण्याआधी बजावा. त्याच गाळावरून पाय घसरतो आणि पोहणाराही सापडत नाही.

पावसात मी जीप घाटात नेत नाही. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या घरांत पाणी शिरलं. घाटमाथ्यावर असा पाऊस कोसळत असताना वीस किलोमीटर खाली नुसतं ढगाळ असू शकतं. नदीपात्रात किंवा धरणाच्या भिंतीखाली तंबू म्हणूनच कुठल्याच मोसमात नको. भाटघरचे दरवाजे तर स्वयंचलित आहेत, पाणी भरलं की आपोआप उघडतात.

तुमच्या पहिल्या फेरीला मी माझी जीप घेऊन सोबत यायला तयार आहे. ब्रेक ऑइल बदलून आधी सिंहगड उतरून या आणि चार चाकांपैकी कोणतं जास्त गरम लागलं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.