व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तापला की आवाज फाटतो, बायस बिघडलाय का?
अर्ध्या तासानं आवाज फाटतो आणि दोनपैकी एकाच ईएल८४ची (आउटपुट व्हॉल्व्हची) प्लेट लाल होते म्हणताय, तर नवी जोडी मागवायची घाई नको. आधी कपलिंग कपॅसिटर बघा, म्हणजे मागच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडकडे सोडणारा आणि डीसी अडवणारा; तो लीक झाला की बायस, म्हणजे ग्रिड आणि कॅथोडमधलं ठरलेलं व्होल्टेज, बिघडतो. कॅथोड बायस (कॅथोडच्या रेझिस्टरवरून मिळणारा) असेल तर पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, जवळपास ० व्होल्ट हवेत. १-२ व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर सेट बंद करून तो व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करून पुन्हा मोजा. व्होल्टेज राहिलं तर कपॅसिटर लीक, गेलं तर व्हॉल्व्हच गॅसी, म्हणजे आत वायू झालेला.

माझ्याकडचा कागदी कपॅसिटर कोल्हापूरचे कैक पावसाळे पिऊन बसला होता! ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन टाकला, लाली गेली.

आणि हो, बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका.