प्रेमात पडल्याशिवाय नाटक लिहिता येते का?

प्रश्न : आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दरवर्षी वडशाच्या कंपनीचे नाटक असते. यंदा गावातील पोरांनीच नाटक बसवायचे ठरवले असून लेखनाची जबाबदारी माझ्यावर आली आहे. धानाची कापणी तोंडावर आली, तरी पहिल्या अंकाच्या पुढे मला काही सुचत नाही. अशातच पुतण्याने मोबाइलवर ‘शेक्सपिअर इन लव्ह’ हा चित्रपट दाखवला. त्यातील नाटककाराचीही लेखणी अडलेली असते आणि प्रेमात पडताच तो ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ झपाट्याने लिहून काढतो. हे खरोखर घडले होते काय? माझे वय ५३ आहे, घरी नातवंडे आहेत. आता मी प्रेरणा कुठून आणावी?
(एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : घडले नव्हते. जॉन मॅडन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि मार्क नॉर्मन व टॉम स्टॉपर्ड यांनी लिहिलेल्या १९९८ च्या या चित्रपटातील नायिका व्हायोला सर्वस्वी कल्पित आहे. कथा १५९३ मधील दाखवली आहे. प्रत्यक्षात प्लेगमुळे त्या वर्षी लंडनची नाट्यगृहे बहुतेक काळ बंदच होती. शिवाय रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट शेक्सपिअरला आयती मिळाली होती. आर्थर ब्रूक या कवीचे याच प्रेमिकांवरील दीर्घकाव्य १५६२ मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, छापले गेले होते आणि ब्रूकनेही ती गोष्ट इटालियन व फ्रेंच कथांवरूनच घेतली होती. खऱ्या शेक्सपिअरचे लग्न १५८२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी झाले आणि १५८५ पर्यंत तो तीन मुलांचा बाप झाला होता. चित्रपटकर्त्यांना हे सारे ठाऊक होते. सुरुवातीच्या प्रसंगात नायक कागदाचे बोळे करून फेकतो, तेव्हा त्यांतला एक बोळा ज्या मगाजवळ पडतो, त्यावर ‘स्ट्रॅटफर्डची भेट’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. शेक्सपिअरच्या जन्मगावी आजच्या पर्यटकांना विकला जावा तसा तो मग आहे. आम्ही इतिहास सांगत नाही, हे त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच असे हसतहसत सांगून टाकले आहे.

मात्र एक विनंती आहे. तोच चित्रपट पुन्हा पाहावा आणि या वेळी प्रेमप्रसंगांऐवजी नाटकातील एकेक गोष्ट कुठून येते, तिकडे लक्ष ठेवावे. रस्त्यावर एक धर्मोपदेशक नाटकमंडळ्यांच्या नावाने शिव्याशाप देत असतो. त्याचे ‘दोन्ही घरांवर मरी येवो’ हे शब्द जाता जाता नाटककाराच्या कानावर पडतात आणि पुढे नाटकात मर्क्युशिओ या पात्राच्या तोंडी येतात. कथानकाचे धागे तर दारूच्या गुत्त्यात ख्रिस्तोफर मार्लो हा प्रतिस्पर्धी नाटककारच त्याला सुचवतो. नाट्यगृहाचा मालक कर्जात बुडालेला आहे, सावकार त्याचे पाय विस्तवावर धरतो आणि आधी ठरलेले नाटक कुठल्याशा चाच्याच्या मुलीचे, विनोदी असते. नाटक पुरे लिहून होण्याची वाट न पाहता तालमी सुरू होतात आणि शाई वाळते न वाळते तोच पाने नटांच्या हाती पडतात. त्या काळी नटाला संपूर्ण संहिता मिळत नसे; आपल्याकडील जुन्या कंपन्यांप्रमाणेच ज्याला त्याला आपापली नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याच्या संवादांची प्रत, तेवढी मिळे. हा भाग बराचसा खरा आहे आणि आपल्या कामाचाही आहे. प्रेमामुळे त्या नाटककाराच्या लेखनाला वेग येतो, हे मान्य. पण त्याला लिहायला बसवतात ते सावकाराचा तगादा आणि पानांची वाट पाहणारे नट.

लेखक जे जगत असतो तेच लिहितो, हा समजही मला पुरता पटत नाही. राम गणेश गडकरी यांचे निधन आपल्याच विदर्भात, सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. क्षयाने खंगलेल्या या माणसाने अखेरच्या दिवसांत पूर्ण केलेले ‘भावबंधन’ वाचून पाहावे. त्यात प्रेम आहे आणि पोट धरून हसवणारे प्रवेशही आहेत.

तेव्हा आपल्या ५३ वर्षांची चिंता सोडावी. दुसऱ्या अंकात कोण काम करणार, हे आधी ठरवावे, त्या पोरांना बांधावर उभे करून बोलायला लावावे आणि ती कशी बोलतात ते टिपून घ्यावे. पहिल्या अंकाच्या नकला आजच वाटून टाका. पोरे रोज संध्याकाळी पुढची पाने मागायला दारात उभी राहू लागली, की आपली लेखणी कशी चालते ते मला जरूर कळवावे.

प्रश्न : त्याच चित्रपटात नायिकेला रंगभूमीवर काम करण्यासाठी पुरुषाचा वेश घ्यावा लागतो. तेव्हा खरोखर इतकी बंदी होती का?
(एक वाचक भगिनी, साकोली, जि. भंडारा)

उत्तर : होय. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६० पर्यंत स्त्रियांच्या भूमिका मिसरूड न फुटलेली मुलेच करत. ज्युलिएट करणाऱ्या मुलाचा आवाज ऐन वेळी फुटल्यावर मंडळींची जी तारांबळ उडते, ती आपल्याला परकी वाटू नये. आपल्या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्यातील बाईही पुरुषच होई आणि ‘मानापमान’ नाटकातील बालगंधर्वांची भामिनी पाहायला तर घरंदाज बायका लोटत असत. चित्रपटात मात्र याचा एक गोड उलटा पेच आहे. मुलगी मुलगा बनून रोमिओ करते आणि तिच्यासमोर ज्युलिएट म्हणून एक मुलगा उभा असतो. तो प्रेमप्रसंग पाहताना कोण कोणाचे सोंग करत आहे, हे क्षणभर विसरायला होते.

प्रश्न : त्याच चित्रपटात एलिझाबेथ राणीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला एवढ्याशा भूमिकेसाठी ऑस्कर कसे मिळाले?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : ज्यूडी डेंच या चित्रपटात जेमतेम आठ मिनिटे दिसतात. चित्रपटाला एकूण सात ऑस्कर मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि नायिका ग्विनेथ पॅल्ट्रो यांचाही पुरस्कार होता. पण नाटकातून प्रेमाचे खरे स्वरूप दाखवता येते की नाही, यावर लागलेल्या पन्नास पौंडांच्या पैजेचा निवाडा ही राणीच करते. पुरुषाच्या कामात शिरलेल्या बाईचे दुःख मला ठाऊक आहे, अशा अर्थाचे वाक्य ती व्हायोलाकडे पाहून ज्या कोरड्या स्वरात बोलते, ते एकदा कान देऊन ऐकावे.