गोष्ट सांगणारा, स्वतः लिहिणारा मराठी शाहीर ऐकायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

हातात गिटार घेऊन, स्वतः रचलेल्या गाण्यातून अख्खी गोष्ट सांगणारे परदेशी गायक आपल्याला आवडतात, असे आपण लिहिले आहे. मराठीत असा स्वतः लिहिणारा आणि गाण्यात माणसे उभी करणारा कोणी आहे का, आणि असल्यास त्याचे पहिले गाणे कोणते ऐकावे, हा आपला प्रश्न. माझे उत्तर असे : अण्णाभाऊ साठे, आणि पहिले गाणे ‘माझी मैना गावावर राहिली’. मी सांगली जिल्ह्यातला, आणि अण्णाभाऊंचे वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातले. त्यामुळे हे उत्तर जिव्हाळ्याने लिहिलेले आहे. मात्र तालुक्याचा अभिमान क्षणभर बाजूला ठेवूनही मी हेच नाव सांगितले असते, कारण गाण्यातून गोष्ट सांगण्याची त्यांची जी रीत आहे, ती मला आजवर दुसऱ्या कोणत्याही शाहिरात इतक्या पूर्णपणे सापडलेली नाही.

अण्णाभाऊ म्हटले की बहुतेकांना ‘फकिरा’ आठवते. ती कादंबरी १९५९ सालची, म्हणजे ती छापून आली तेव्हा अण्णाभाऊंनी फडावर, चाळींच्या मैदानात आणि मोर्च्यांपुढे गाण्यात चांगली पंधरा वर्षे घालवलेली होती. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. नाव तुकाराम भाऊराव साठे. शाळा जवळपास झालीच नाही. पोरवयात कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबई गाठली, तिथे मिळेल ती मजुरी केली, गिरणीत काम केले आणि कामगारांच्या वस्तीत राहून वाचायला-लिहायला शिकले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशातही ते काही काळ वावरले. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या सोबतीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हा तपशील मी मुद्दाम देत आहे, कारण त्यांची गाणी टेबलाशी बसून लिहिलेली वाटत नाहीत. दिवसभराच्या पाळीनंतर जमिनीवर बसलेला आणि कंटाळला तर सरळ उठून जाणारा श्रोता समोर आहे, हे गृहीत धरून ती बांधलेली आहेत.

आपल्याला या प्रकाराची ओळख नसावी असे धरून थोडे सांगतो. पोवाडा (वीरांची वा घटनांची गाथा) किंवा छक्कड (लावणीच्या वळणाचे गाणे) एकट्याने गायची नसते. शाहिराच्या हातात डफ असतो, मागे तुणतुणे, ढोलकी, झांज आणि झीलकरी, म्हणजे सूर धरणारे साथीदार, असतात. शाहीर एक चौक, म्हणजे कडव्यासारखा एक भाग, सांगतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ करत त्याची ओळ उचलून धरतात, आणि तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो व ऐकणाऱ्याला गोष्ट पचते. ऐन भरात आला की तो सुरावटीतून बाहेर पडून, बोलल्यासारखा, ओळीमागून ओळ झरझर टाकत जातो. गोष्टीचा खरा भार याच जागी पेलला जातो, आणि अण्णाभाऊंचे सामर्थ्य मला सर्वाधिक जाणवते ते इथेच.

‘माझी मैना’ ही छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या अखेरच्या पर्वातले हे गाणे, आणि त्या लढ्याचे गीत म्हणूनच ते ओळखले जाते. पण अनोळखी माणसाने ते ऐकायला घेतले तर अर्धे गाणे सरेपर्यंत त्याला लढ्याचा वाससुद्धा येणार नाही. सुरुवातीला असतो फक्त एक नवरा आणि गावी राहिलेली त्याची बायको. तिचा बांधा, तिचा गव्हाळ रंग, तिचे हसून बोलणे, तिची मंद चाल, तिचे मोठे मन हे सगळे तो सांगतो. गरिबीने ताटातूट केली म्हणून तो मुंबईला निघाला आहे. पहाटेची वेळ आहे, भाकरतुकड्याची बांधाबांध झाली आहे, आणि चांदण्यात ती त्याला घालवायला निघाली आहे.

यानंतरची जागा आपण लक्ष देऊन ऐकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती हसत नाही, म्हणून तो तिला हसवायची शिकस्त करतो. आधी पत्रे पाठवण्याची वचने देतो, मग दागिन्यांनी मढवण्याची बोली करतो. शिंदेशाही तोडे आणीन, कोल्हापुरी साज आणीन, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, कानात गोखरं, पायात मासोळ्या, दंडात येळा, नाकात सर्जाची नथ. एकेक दागिना वाढत जातो, डफाची लय चढत जाते, आणि एवढ्या साऱ्या सोन्यानाण्याच्या शेवटी शाहीर म्हणतो की, तरी तिच्या अंतरीची कळी उमलली नाही. ज्याच्या गाठीला केवळ भाकरी आहे, तो यातला एक मणीसुद्धा आणू शकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि तिलाही. गाण्यात हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. यादी जितकी लांबते तितकी त्याची घालमेल आपल्याला कळत जाते. दुसऱ्या एखाद्याने जिथे दुःखाची विशेषणे वापरली असती, तिथे अण्णाभाऊंनी सोनाराच्या पेढीवरचे शब्द वापरले आहेत. मग तो छातीवर दगड ठेवून मुंबईची वाट धरतो. ती मनात खचलेली, डोळ्यांत रुसलेली, हात उंचावून उभी राहते.

इस्लामपूरला एका जयंतीच्या कार्यक्रमात मी ही छक्कड एका वयस्क शाहिरांकडून ऐकली होती. दागिन्यांच्या यादीपर्यंत मंडपात नेहमीची गडबड होती. तोड्यांपासून बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, साज आणि वज्रटीक येईपर्यंत काहीजणी पुढचा दागिना शाहिरांच्या आधीच पुटपुटू लागल्या, आणि नथ म्हणून झाल्यावर शाहिरांनी डफावरचा हात उचलून घेतला. पुढची ओळ त्यांनी वाद्याविना, अगदी साध्या आवाजात म्हटली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा नवरा मुंबईला होता की नाही, मला माहीत नाही. पण आमच्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या माणसांची संख्या एवढी होती की, जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक तरी पहाट होऊन गेलेली आहे.

पुढे गाणे मुंबईत येते आणि त्याचा वेग बदलतो. बेकारांच्या गर्दीत याची एकाची भरती होते. शहर दिसते ते वस्तूंतून : हडसनची गाडी, नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या तलम साड्या, बुटांच्या जोड्या, माडीवर माडी. या साऱ्या झगमगाटात आपला माणूस कुठे आहे? तो पावसात काम करतो आहे, त्याच्या खिशांत पाणी भरले आहे आणि त्याला एका छत्रीची वानवा आहे. सोन्याच्या तोड्यांचे वचन देऊन आलेल्या माणसाला छत्री मिळत नाही, एवढ्या एका तपशिलात त्याच्या मुंबईतल्या साऱ्या दिवसांचा हिशेब येऊन जातो. माझ्या मते मराठी गाण्यातला हा एक अत्यंत थोर क्षण आहे.

मग त्याच सुमारास चळवळ उठते. कामगार, शेतकरी, मध्यमवर्गीय मैदानात येतात, लालबाग-परळ पेटते, फ्लोरा फाउंटनला गोळ्या छातीवर झेलल्या जातात, आणि मुंबई महाराष्ट्राची होते. इथे शाहीर रामायणाला हात घालतो : निकुंबळेला, आपल्या यज्ञाच्या जागी, रावणाचा मुलगा इंद्रजित पडला, रावणाचे राज्य गेले, लंका जळाली, आणि तीच गत कलियुगात या लढ्याच्या विरोधकांची झाली. या भागात ‘म्हणे अण्णाभाऊ साठे’ अशी जुन्या शाहिरी रिवाजाची नाममुद्राही येते. काही अभ्यासू मंडळींना हा भाग प्रचारकी वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण तो ज्याच्या तोंडी आहे तो माणूस आपल्या ओळखीचा झालेला आहे; घोषणा देणारा हा तोच आहे, ज्याच्या खिशात पाणी भरले होते.

आणि विजय मिळाल्यावरही गोष्ट सुखान्त होत नाही. मुंबई मिळाली, पण मैना अजून गावीच आहे, तिची भेट नाही. तीच गत, शाहीर म्हणतो, या खंडित महाराष्ट्राची झाली आहे : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या मालकीचे झाले. १ मे १९६० ला राज्य झाले, तरी सीमेवरची गावे बाहेर राहिली, ही राजकीय गोष्ट त्यांनी बायकोच्या विरहात अशी गुंफली आहे की, एक दुसऱ्याचे रूपक आहे असे म्हणवत नाही. दोन्ही विरह तितकेच खरे राहतात. रचनेतही ही वीण सांभाळलेली आहे : कड्यांमागून कडी ‘ची’ या एकाच यमकावर येते, चंद्राची, रामाची, पहाटेची, पुतळ्याची, छत्रीची, चळवळीची. त्या एका अक्षरामुळे घर, शहर आणि लढा हे तीन भाग वेगळे पडत नाहीत.

हे गाणे मनात मुरले की मग पोवाड्यांकडे वळावे. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ हा त्यांच्या आरंभीच्या काळातला. व्होल्गाकाठचे युद्ध मुंबईच्या गिरणी कामगाराला समजेल अशा भाषेत, शिवकाळापासून चालत आलेल्या पोवाड्याच्या घाटात त्यांनी सांगितले. वीररसाचा जुना साचा घेतला आणि त्यात सरदाराच्या जागी कामकरी माणूस बसवला. ‘बंगालची हाक’ दुष्काळावर आहे, ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ फाळणीच्या कत्तलींवर. प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळेच पोवाडे मला ‘मैने’इतके भिडत नाहीत. काहींत घटनांची बातमी पुढे सरकते आणि माणूस मागे राहतो. मात्र जिथे जिथे एखादे घर, एखादी आई, एखादी चूल गाण्यात येते, तिथे तिथे तो जुना हात लगेच ओळखू येतो.

त्यांची लोकनाट्येही याच दृष्टीने पाहावीत. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ यांसारख्या वगांत, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यांत, सोंगाड्याच्या तोंडी त्यांनी जो शहाणपणा घातला, तो वाचतानाही हसू आणतो आणि लगोलग विचारात पाडतो. तमाशाच्या आरंभी गण, म्हणजे गणपतीला नमन, म्हणण्याची रीत असते. अण्णाभाऊंनी त्या गणात मायभूमीला, शिवछत्रपतींना आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले आणि कृष्ण-गवळणींचा भाग वगळला. रंगमंच तोच, ढोलकी तीच, श्रोताही तोच; वंदनाचा मान कोणाला द्यायचा, हे मात्र त्यांनी नव्याने ठरवले.

आपण ‘स्वतः गाणारा’ असे विचारले आहे, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. अण्णाभाऊ फडावर उभे राहत आणि गात. परंतु त्यांच्या शब्दांना घराघरांत पोहोचवणारा मोठा आवाज अमर शेखांचा होता. एकट्या गायकाची कल्पना इथे बाजूला ठेवावी लागते, कारण शाहिरी ही मुळात सांघिक कला आहे. दोघांचे मृत्यूही १९६९ सालचे, अण्णाभाऊंचा १८ जुलैला आणि अमर शेखांचा २९ ऑगस्टला; दीड महिन्याच्या आत मराठी शाहिरीचे दोन खांब गेले. पुढच्या पिढीत विठ्ठल उमपांनी ‘माझी मैना’ गायली. आपण त्यांच्यापासून आरंभ करावा, असे मी सुचवेन : उमप प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारतात, आणि वेगाच्या जागी गोष्ट हातची जाऊ देत नाहीत.

पहिल्यांदा ऐकताना मजकूर समोर ठेवू नये, केवळ कानांनी ऐकावे. दुसऱ्या वेळी मात्र छापील शब्द जवळ असू द्यावेत, कारण दागिन्यांची नावे आणि मुंबईतल्या ओळी इतक्या झरझर येतात की अर्धे निसटते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या ‘लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : निवडक वाङ्मय’ या जाडजूड ग्रंथात आपल्याला गाणी, पोवाडे, लोकनाट्ये आणि कथा एकत्र मिळतील. त्यातला एखादा पोवाडा घरी मोठ्याने, शक्य असल्यास दोघा-तिघांनी मिळून, एकाने चौक आणि बाकीच्यांनी झील असा वाचून पाहावा. अण्णाभाऊंत मन रमलेच, तर त्यानंतर तमाशाचे थोर शाहीर पठ्ठे बापूराव यांच्याकडे यावे. त्यांचे रेठरे हरणाक्षही वाळवा तालुक्यातच आहे, मात्र त्यांची लावणी आणि त्यांचा वग यांविषयी लिहायचे तर स्वतंत्र उत्तरच लागेल, आणि आपण विचारलेत तर मी ते आनंदाने लिहीन.