सुट्टीत लाटणं कुणाच्या हातात?

"नमस्कार ताई, आम्ही पाच मैत्रिणी दरवर्षी मे महिन्यात गरजू कुटुंबांना चार दिवस कोकणात नेतो. यंदा सहा कुटुंबं होती, 24 माणसं. कुणकेश्वरजवळ ओळखीच्यांचं घर फुकट मिळतं, मिनीबस वर्गणीतून करतो, कुटुंबामागं फक्त 300 रुपये घेतो. स्वयंपाक तिथं बायका मिळूनच करतात, तेवढाच खर्च वाचतो. त्यातली एक बाई राजारामपुरीत मेसला चपात्या करते, नवरा मार्केट यार्डात हमाल, थोरल्या पोराला फिट्स येतात. पोरं समुद्रात मनसोक्त खेळली, आणि परत आल्यावर ही सगळ्यांसमोर म्हणते कशी, 'पुढच्या वर्षी पोरांना आणि ह्यांना न्या, मी घरी झोपतो.' एक साधं थँक्यू नाही. माझे मिस्टर बँकेतून रिटायर झालेत, ते म्हणतात फुकट दिलं की किंमत नसते. मन उठलंय. बंदच करावं का हे सगळं?
एक कार्यकर्ती, कोल्हापूर"

ताई, थँक्यूचं राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही अशी सहज लिहून पुढं गेलात आणि मी तिथंच अडकले: स्वयंपाक बायका मिळूनच करतात.

जरा हिशोब घालू. 24 माणसं, माणशी 3 चपात्या, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 144. बारकी पोरं कमी खातात म्हणून सव्वाशे धरा. आता सहा बायका एका नवख्या स्वयंपाकघरात शिरल्या, त्यातली एक मेसला चपात्या करणारी, मग लाटणं कुणाच्या हातात गेलं असेल? तुम्ही लिहिलेलं नाही पण मला दिसतंय, कुणीतरी कौतुकानं म्हणालं असणार, "अगं तुझा हात किती भरभर चालतो, तूच बस," आणि ती बसली. राजारामपुरीत लाटते त्याचे निदान पैसे मिळतात तिला. तुमच्याकडं तिनं 300 रुपये भरून लाटल्या.

त्यात फिट्सवालं पोरगं. अशा पोराची आई कुठं झोपते ओ, डोळा लागला तरी एक कान त्याच्याकडं असतो, त्यात जागा नवीन, समोर समुद्र, गोळ्या कुठल्या पिशवीत ठेवल्यात ते रात्री दोनदा चाचपून बघायचं, आणि झोपमोड झाली की फिट यायची भीती वाढते हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं असणार म्हणून पोराला आधी झोपवायचं, मग आपण आडवं व्हायचं, की लगेच पहाटेचा चहा आहेच. तुम्हाला तिचं बोलणं टोमणा वाटलं. मला तर ती सरळ मागणी वाटते, बाईला झोप पाहिजे.

मिस्टरांना माझ्याकडून एक विचारा. बँकेच्या एलएफसीवर, म्हणजे सुट्टीच्या प्रवासाला बँक देते त्या पैशांवर, केरळ नाहीतर काश्मीर, कुठंतरी गेला असालच की तुम्ही. तिथल्या हॉटेलात सकाळी कुणी दार वाजवून "वहिनी, कांदा चिरायला चला" म्हणालं होतं का? आणि एलएफसी पण पगाराच्या वरचीच होती, तिची किंमत राहिली नाही का मग? 1948 च्या कारखाना कायद्यापासनं आपल्या फौंड्रीतल्या कामगाराला सुद्धा भरपगारी रजा आहे, कामाच्या 20 दिवसांमागं एक. घरगुती मेसमध्ये खाडा म्हणजे पैसे कट. म्हणजे ही चार दिवसांची मजुरी बुडवून आली होती. फुकट काय दिलं तिला तुम्ही?

चिडू नका. तुमचं मन उठलंय त्यातला निम्मा थकवाच असणार, कारण तुम्ही पाचजणी वाळूत किती वेळ बसलात हे पण पत्रात कुठं सापडलं नाही मला.

बंदबिंद काही करायचं नाही. पुढच्या मेमध्ये एकही बाई स्वयंपाकघरात जाणार नाही, तुम्ही पाचजणी धरून, बास. कोण करणार म्हणून विचारू नका, नवरे आहेत की! कोल्हापुरात राहून हे मी सांगायचं? रस्सा मंडळ म्हटलं की हेच बाप्ये रानात चूल मांडतात, कांदा-खोबरं भाजतात, तांबडा-पांढरा दोन्ही करतात, पातेली पण घासतात, आणि मीठ किती घालू म्हणून एकजण बायकोला फोन करत नाही. मग कोकणात गेल्यावर यांच्या हाताला काय होतं? यार्डात दिवसभर पोती उचलणाऱ्याला 24 जणांच्या भाताचं पातेलं जड नाही.

राहिल्या चपात्या-भाकरी, त्या तिथल्याच गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून पैसे मोजून घ्या. पैसे कुठनं आणायचे? मिनीबस सोडा. 17 मार्च 2023 पासनं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 च्या पोरांना तर आधीपासनंच आहे, तुमच्यात पूर्ण तिकीटवाले नवरे आणि मोठी पोरं तेवढीच निघतील. सीबीएसवर, आपल्या मध्यवर्ती बस स्टँडवर, जाऊन देवगडच्या गाडीची चौकशी करा, कुणकेश्वर देवगड तालुक्यातच आहे, रिझर्व्हेशन आधी करा. जे वाचतील ते भाकरीला.

आणि रात्री त्या पोराजवळ त्याचा बाप झोपेल. गोळ्यांच्या वेळा त्याला आत्तापासनं पाठ पाहिजेत. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. हे तुम्ही पण शिकून घ्या, तिच्याकडनंच.

हे सगळं सांगायला मे महिना उजाडायची वाट बघू नका, याच आठवड्यात तिच्या घरी जा. फोनवर नको. नवरा घरी असेल अशी वेळ बघा कारण निम्मं बोलणं त्याच्याशीच आहे. जाताना मिस्टरांना पण घेऊन जा, रिटायर आहेत, भात शिकायला मेपर्यंत भरपूर वेळ आहे त्यांच्याकडं.